औषध ओळखणाऱ्यांचा डोंगर

फरीदाबादहून गुडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी, केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थांचे मोठे संकुल आहे. त्यातल्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये करोनाच्या काळात ज्येष्ठमधाची तपासणी झाली. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याला आधी ज्येष्ठमध देऊन मग विषाणूचा संसर्ग घडवला, तेव्हा फुप्फुसांचा दाह आणि हानी कमी दिसली. २०२२ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्राण्यावरचा निष्कर्ष तसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, हे सांगायलाच हवे. तरीही घराघरांत खोकल्यावर चघळल्या जाणाऱ्या काडीची कोणीतरी रीतसर परीक्षा घेतली, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

त्याच रस्त्याने पुढे अरवलीत शिरले की मंगर आणि बंधवाडी ही गुज्जरांची गावे लागतात. मंगरच्या मागच्या दरीत आणि डोंगरउतारांवर मंगरबनी आहे. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांची ही उत्तरेकडची बहीण. गुदरिया दास बाबांच्या नावाने राखलेल्या या बनीत कुऱ्हाड चालवायची नाही, फांदी मोडायची नाही, शेळ्या चारायच्या नाहीत, असा मंगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे. मोडला तर बाबांचा कोप होतो, अशी श्रद्धा. त्या नेमामुळे इथे धौचे सलग जंगल टिकले. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. शेळ्यांनी सतत खुडला तर हा वृक्ष जमिनीला चिकटलेल्या झुडपासारखा पसरून राहतो, राखला तर झाड होऊन उभा राहतो. बनीची हद्द ओलांडली की बरेचसे रान विलायती बाभळीने गिळलेले दिसते. आणि बंधवाडीजवळ, त्याच रस्त्याच्या कडेला, गुडगाव आणि फरीदाबाद या दोन शहरांच्या कचऱ्याचा डोंगर उभा आहे.

एकाच रस्त्यावर प्रयोगशाळा, देवराई आणि कचऱ्याचा डोंगर! परंपरागत औषधी ज्ञानाबद्दल आपल्या देशात जे चालले आहे, ते सगळे या काही मैलांत पाहायला मिळते. या ज्ञानाची आपण तोंडभर स्तुती करतो, त्याची सूची करतो, त्याचा व्यापार करतो, क्वचित त्याची परीक्षाही घेतो. ज्या डोंगरावर ते जगते तो डोंगर आणि ज्याला ते येते तो माणूस, हे दोघे मात्र या सगळ्या व्यवहाराच्या बाहेर राहतात. माझे म्हणणे असे की, हा डोंगर आणि हा माणूस वगळून जे वाचते त्याला औषधी ज्ञान म्हणता येत नाही. ते एक तर माल होते, नाही तर अंधश्रद्धा होते. आणि दोन्हींची किंमत रुग्ण मोजतो.

हे ज्ञान म्हणजे नेमके काय, तिथून सुरुवात करू. अरवलीच्या उतारांवर अडुळसा भरपूर. सालई आहे, शतावरी आहे, हिंगणबेट आहे, आघाडा पायापायाला आहे, गुळवेल झाडांवर चढलेली आहे. यांची नावे आणि उपयोग कुठल्याही पुस्तकात सापडतील. अडुळसा खोकल्यावर, सालईचा डिंक सांधेदुखीवर, गुळवेल तापावर. पण ‘अडुळसा खोकल्यावर’ एवढे सांगणे म्हणजे ज्ञानाचे फक्त लेबल झाले. कुठल्या ऋतूत पाने घ्यायची, कोवळी की जून, किती, कशाबरोबर, किती दिवस, कुणाला मुळीच द्यायची नाहीत आणि कधी हात जोडून ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, दवाखान्यात न्या’ असे म्हणायचे, इथपर्यंत गेले तर त्याला ज्ञान म्हणावे. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, हे जुन्या सुइणी जाणत. ही शेवटची समज कुठल्याही वेष्टनावर नीट छापली जात नाही. ती माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते.

या समजेत आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. गावातला जाणकार त्याच गावात राहतो. त्याने दिलेल्या पाल्याने कुणाचे पोर दगावले तर दुसऱ्या दिवशी त्याला त्याच विहिरीवर, त्याच पारावर तोंड दाखवायचे असते. परंपरागत औषधातली सुरक्षितता, जेवढी काही होती तेवढी, ‘नैसर्गिक’ या गुणातून आलेली नव्हती. कण्हेर आणि धोतराही नैसर्गिकच आहेत. ती आली होती ओळखीतून आणि जबाबदारीतून: वनस्पतीची अचूक ओळख, रुग्णाची जुनी ओळख, आणि चुकीबद्दल जाब विचारणारे लोक.

ही तिन्ही बंधने सुटली की काय होते, ते गुळवेलीने दाखवले. करोनाच्या वर्षांत दिल्ली परिसरात आणि मुंबई-पुण्यात घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. रस, गोळ्या, चूर्णे, सगळे हातोहात खपत होते. २०२० च्या उत्तरार्धात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. कावीळ, यकृताला सूज, आणि सगळ्यांच्या हकिगतीत गुळवेल. २०२१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती हे सिद्ध केलेले नाही, तिच्यासारखी दिसणारी, खोडावर गाठी असलेली दुसरी जात असू शकते. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला, आणि त्यातही गुळवेल व यकृताची इजा यांचा संबंध दाखवला गेला. अनेकांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या.

वाद दोन बाजूंनी भरपूर झाला. मला त्यात एक वेगळीच गोष्ट अस्वस्थ करते. मंत्रालयाचा आक्षेप क्षणभर पूर्ण खरा धरला, तरी त्याचा अर्थ काय होतो? गुळवेल आणि तिची तोतया बहीण यांतला फरक ओळखणारा माणूस या साखळीत कुठेच नव्हता, हाच. बाल्कनीतल्या कुंडीत वेल लावणाऱ्याला तो कळत नव्हता, विकणाऱ्याला बहुधा कळत नव्हता, पिणाऱ्याला तर नाहीच. आणि डॉक्टरांचे म्हणणे पूर्ण खरे धरले, तर ‘कुणी, किती दिवस घ्यायची आणि कुणी मुळीच घ्यायची नाही’ हे सांगणारे कोणी नव्हते. गावातल्या जाणकाराने महिनोन्‌महिने रोज सकाळ-संध्याकाळ काढा प्यायला सांगितले नसते. त्याची मात्रा रोगापुरती असते. आपण वनस्पती शहरात आणली, तिच्याभोवतीचा संयम गावात सोडून आलो.

शहर या औषधांचे किती मोठे गिऱ्हाईक झाले आहे, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७९ व्या फेरीत दिसते. जुलै २०२२ ते जून २०२३ या काळातल्या त्या पाहणीनुसार, मागच्या वर्षभरात आयुष पद्धतींचा वापर केलेल्यांचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागात सुमारे ५३ टक्के. म्हणजे वापर शहरात जास्त आणि वनस्पती व तिचे जाणकार खेड्यात, रानात. या दोन टोकांना जोडते ती बाजारपेठ. फरीदाबादच्या लोकांना ती दूर नाही. जुन्या दिल्लीतल्या खारी बावलीत देशभरातल्या काष्ठौषधी पोत्यांनी येतात आणि पोत्यांनी जातात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या अभ्यासानुसार २०१४-१५ मध्ये देशातली औषधी वनस्पतींची व्यापारी मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती. ११७८ जाती व्यापारात होत्या आणि त्यांतल्या २४२ जाती वर्षाला १०० टनांहून जास्त उचलल्या जात होत्या. यांतल्या पुष्कळशा अजूनही रानातूनच येतात. पोत्यात भरलेली साल कुठल्या झाडाची हे पोते पाहून कळत नाही. अशोकाच्या नावावर आसुपालवाची साल खपते, ही या व्यापारातली जुनी आणि सर्वज्ञात लबाडी आहे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडायला हवे. आदिवासी आणि ग्रामीण उपचारपरंपरेबद्दल आस्थेने लिहिणारे बरेच जण तिच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा नेत नाहीत. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले, त्याला धाप लागली, की तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देण्याची प्रथा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचे उघडकीला आले. ही सुद्धा परंपराच आहे. ती समाजाने जपलेली आहे, आजीकडून नातीकडे आलेली आहे, तिच्यावर श्रद्धा आहे. मग तिचाही आदर करायचा का? मुळीच नाही. त्या बाळाचा श्वास कुठल्याही संस्कृतीपेक्षा मोठा आहे.

पण मेळघाटातल्या या प्रथेवर नुसता गुन्हा नोंदवून थांबणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. डागणी दिली जाते तिथे डॉक्टर वेळेवर पोचत नाही, रस्ता पावसाळ्यात तुटतो, आणि ज्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे तो भुमका गावातच असतो. आरोग्य खात्याने भुमकांना विश्वासात घेऊन, गंभीर रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल मानधन देण्याचे प्रयत्न केले, ती दिशा मला बरोबर वाटते. भुमका हा त्या गावातला पहिला निदान करणारा आहे, हे सत्य कायद्याने बदलत नाही. त्याच्या हातातला विळा काढून घ्यायचा तर त्याला दुसरे काहीतरी करण्याचे सामर्थ्य द्यावे लागेल.

अशा जाणकारांची परीक्षा घेऊन त्यांना मान देण्याचा रस्ता उपलब्ध आहे. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने लोकवैद्यांसाठी ऐच्छिक प्रमाणपत्राची योजना आखली आहे. त्यात हाड बसवणे, कावीळ, विषबाधा असे विशिष्ट कौशल्याचे भाग पाडून, ज्याला जे येते त्याचीच परीक्षा होते. बेंगळुरूची फाउंडेशन फॉर रिव्हायटलायझेशन ऑफ लोकल हेल्थ ट्रॅडिशन्स ही संस्था १९९३ पासून लोकवैद्यांच्या परंपरेवर काम करते आहे. एखाद्याला हाड बसवता येते म्हणून त्याला मधुमेहही कळतो असे धरू नये, आणि मधुमेह कळत नाही म्हणून त्याचे हाड बसवणे थोतांड ठरवू नये. इतका साधा विवेक आपल्याकडे दुर्मीळ झाला आहे. एका टोकाला सगळे पूर्वजांना ठाऊक होते म्हणणारे, दुसऱ्या टोकाला सगळे भाकड म्हणणारे. दोघांनाही एकेक वनस्पती, एकेक उपचार तपासण्याचे कष्ट नको असतात.

कष्ट घेणारे लोक आपल्याकडे होऊन गेले. सर्पगंधेचे मूळ बिहारमध्ये वेडावर आणि झोपेसाठी दिले जात असे. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याचा उन्माद आणि रक्तदाबावरचा परिणाम नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर ते वर्षानुवर्षे वापरून, मोजमापे ठेवून, १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध लिहिला. त्यानंतर जगाने दखल घेतली आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले गेले. चीनमध्ये तू यूयू यांनी सतराशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथातल्या सूचनेवरून, वनस्पती उकळायची नाही हे ताडले, आणि कमी तापमानात अर्क काढून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन मिळवले. २०१५ चे नोबेल त्याबद्दल मिळाले. दोन्ही कथांमध्ये परंपरेने दिशा दाखवली आणि परीक्षेने ती पक्की केली.

पण सर्पगंधेच्या कथेचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. मागणी वाढली, रानातली मुळे उपटून उपटून संपत आली, आणि १९९० मध्ये तिला आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या यादीत घालावे लागले. ज्या लोकांनी तिची ओळख जगाला दिली त्यांच्याच रानातून ती नाहीशी झाली. आपल्या सह्याद्रीत नरक्या या झाडाचे तेच झाले. कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचे मूळ द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी वृक्षात सापडले होते; १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यात भरपूर असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले. लोकवैद्यकात नरक्याला कर्करोगाचे औषध म्हणून स्थान नव्हते, हे मान्य केले पाहिजे. हे श्रेय प्रयोगशाळेचे. पण पुढे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची लाकडे तोडून, तुकडे करून गोण्यांनी चोरटी वाहतूक सुरू झाली. तोडणाऱ्या गावकऱ्याला मजुरी मिळाली, झाड गेले, नफा कुठल्या कुठे गेला. डोंगरावर ज्याचा हक्क नाही, त्याला झाड राखण्यात स्वारस्य राहत नाही. तो तोडणाऱ्यांच्या टोळीत सामील होतो.

आता ज्ञानाच्या मालकीकडे वळू. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा केरळच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये छापला गेला. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे याने तो सिद्ध केला. त्याने एक गोष्ट केली, ती आजही अनुकरणीय आहे. ज्यांनी ज्ञान दिले त्यांची नावे त्याने ग्रंथाच्या सुरुवातीला छापली: इट्टी अच्युतन हे एळवा वैद्य, आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य. त्या तिघांचे नागरी लिपीतले कोंकणी प्रमाणपत्रच तिथे छापलेले आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका वसाहतवादी सत्तेला जे जमले, ते आज औषध कंपन्यांना जमत नाही. आज चूर्णाच्या डब्यावर ऋषींचे चित्र असते. ती वनस्पती गोळा करून आणणाऱ्या बाईचे गाव त्या डब्यावर कुठेही नसते.

हळदीच्या लढाईचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद लावण्याबद्दल अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. संस्थेने आव्हान दिले, संस्कृत ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर केले, त्यांत १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. त्यातून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा रिग्पा आणि योग यांतल्या लाखो नोंदी पाच आंतरराष्ट्रीय भाषांत मांडून त्या पेटंट कार्यालयांना उपलब्ध केल्या गेल्या. हे काम फार मोठे आहे.

पण ते ग्रंथालय मुळात लिहिलेल्या ज्ञानापुरते आहे. ज्याच्याकडे श्लोक आहे त्याचे रक्षण झाले. वारली भगताकडे, मेळघाटातल्या कोरकू म्हातारीकडे, अरवलीतल्या गुज्जर पशुपालकाकडे श्लोक नाही. शेळीचे पोट फुगले तर कुठला पाला चारायचा, हे त्याने बापाकडून पाहून शिकलेले असते. आणि आता कायद्याने हा फरक अधिक खोल केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात, स्थानिक लोकांनी जपलेले ज्ञान आणि संसाधने व्यापारासाठी वापरणाऱ्याने त्यांना लाभाचा वाटा द्यावा, असे तत्त्व होते. दिव्य फार्मसीने आपण भारतीय कंपनी आहोत, आपल्याला हे लागू नाही, असा युक्तिवाद केला, तेव्हा उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला आणि भारतीय कंपन्यांनाही वाटा द्यावा लागेल असे सांगितले. लोकांच्या बाजूने लागलेला तो मोठा निकाल होता. २०२३ च्या दुरुस्तीने त्याची धार बोथट केली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरकर्त्यांना आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून सूट दिली. कंपनीने ‘ही वनस्पती ग्रंथात आहे’ म्हटले की रानातून ती आणणाऱ्यांचा हक्क संपतो. हा बदल अन्यायकारक आहे आणि तो मागे घेतला पाहिजे. ग्रंथात नाव असल्याने वनस्पती ग्रंथात उगवत नाही. ती ज्यांच्या डोंगरावर उगवते त्यांनी ती राखलेली असते.

नुसता पैशाचा वाटाही पुरत नाही, हे केरळच्या काणी आदिवासींनी दाखवले. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतातल्या एका मोहिमेत काणी वाटाडे एक रानफळ खाऊन थकवा घालवताना संशोधकांना दिसले. ‘आरोग्यपच्चा’ नावाच्या त्या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. परवान्याचे १० लाख रुपये आणि विक्रीवरचे २ टक्के स्वामित्वधन यांचा निम्मा हिस्सा काणींना द्यायचा ठरला, १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी नोंदवला गेला. जगभर या प्रयोगाचे कौतुक झाले. पण वनखात्याने काणींना ती वनस्पती जंगलातून काढून विकण्याची मोकळीक दिली नाही. ज्ञानाचा मोबदला मिळाला, जंगलाचा हक्क मिळाला नाही, आणि तो प्रयोग खुंटला.

हक्क मिळाला की काय होऊ शकते, ते पाहायला गडचिरोलीत जावे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणारे ते पहिले गाव. देवाजी तोफा आणि त्यांच्या ग्रामसभेने बांबू कुठे, किती, कधी तोडायचा हे स्वतः ठरवले. ज्या गावाला बांबूबद्दल निर्णय घेता येतो, त्याला बेहड्याबद्दल, हिरड्याबद्दल आणि सर्पगंधेबद्दलही घेता येईल. २००६ च्या वनहक्क कायद्यातच, जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा आणि तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. कायदा आहे, अंमल होत नाही.

आणि मंगरबनी? तिथे हा कायदा पोचलेलाच नाही. अरवलीतले हे डोंगर महसुली कागदांवर ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे पीक न येणारी जमीन. कधीकाळी गावाच्या शामिलातीत, म्हणजे सामाईक मालकीत, असलेली जमीन वाटली गेली, बाहेरच्यांना विकली गेली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या खाणी थांबवल्या; २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव आणि मेवातच्या अरवलीत खाणकामावर बंदी घातली. गावकरी आणि पर्यावरणवाद्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बनीचे ६७७ एकर आणि भोवतीचा पट्टा बांधकामनिषिद्ध ठरवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शंभर मीटर उंचीची अट असलेली अरवलीची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली आणि डिसेंबरअखेर स्वतःच तो निर्णय स्थगित ठेवला. ही तहकुबी म्हणजे सुटका नव्हे. अडुळसा आणि शतावरी शंभर मीटरच्या वरच उगवत नाहीत. लोकांच्या रोजच्या वापरातल्या वनस्पती बहुतेक बुटक्या टेकड्यांवर, नाल्यांच्या काठी, गावालगतच्या रानात असतात. व्याख्येतून पहिल्यांदा गळते ते नेमके हेच रान.

पुण्याचे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेला अडाणीपणा म्हणून हिणवणाऱ्यांना एक उत्तर मिळाले होते. देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांमध्ये बाहेर नष्ट झालेल्या वनस्पती टिकून होत्या. लोकांची जैवविविधता नोंदवही ही कल्पनाही गाडगीळांच्याच कामातून पुढे आली: गावाने स्वतः बसून आपल्या वनस्पती, त्यांचे उपयोग आणि जाणकार नोंदवायचे. कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेला सक्तीची केली. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि महिन्याला १० लाख रुपये दंडाची ताकीद दिली. मुदतीआधी देशभर भराभर जैवविविधता समित्या झाल्या, आज त्यांची संख्या अडीच लाखांहून जास्त आहे, आणि घाईघाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक एकमेकींची नक्कल आहेत. समाजाच्या ज्ञानाची अशी उतावळी नोंद हा त्या ज्ञानाचा अपमान आहे.

म्हणून माझी मागणी साधी आणि ठोस आहे. मंगरबनी आणि भोवतीच्या डोंगरांना कायमचा वनदर्जा द्यावा आणि तिच्या व्यवस्थापनात गावांना अधिकाराची जागा द्यावी. वनखात्याच्या कुंपणाने बनी राखली नव्हती, लोकांच्या नेमाने राखली होती. त्याच रस्त्यावरच्या शास्त्रज्ञांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन त्या डोंगरातल्या औषधी वनस्पतींची आणि उपचारांची पाहणी करावी. जे टिकेल ते लोकांच्या नावासह नोंदवावे, जे घातक ठरेल ते लोकांना त्यांच्याच बोलीत तोंडावर सांगावे. दोन्ही निष्कर्ष गावात परत गेले पाहिजेत. आजवर गावातून माहिती नेली जाते, निष्कर्ष परत येत नाही.

मराठी वाचकांना एक विनंती. तुमच्या गावाची, तुमच्या शहराच्या महापालिकेची जैवविविधता नोंदवही कायद्याने तयार झालेली असली पाहिजे. ती मागा. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. तीत तुमच्या भागातल्या भगताचे, सुईणीचे, वैदूचे ज्ञान आले आहे का, त्यांची संमती घेतली आहे का, शेजारच्या गावाची नक्कल तर नाही ना, हे तपासा. तशी नसेल तर नवी करायला लावा, आणि त्यासाठी म्हाताऱ्या जाणकारांकडे यंदाच जा. ते थांबणार नाहीत.